मेणबत्ती आणि न्यायासन

महाभियोग हा शब्द कानीं पडला कीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाला वॉरन हेस्टिंग्जची आठवण होते. १७८८ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें त्याच्यावरील खटला सुरू झाला, बर्कसारख्या वक्त्यानें आपलें सारें वक्तृत्व पणाला लावलें, आणि सात वर्षांनीं, १७९५ सालीं, आरोपी निर्दोष सुटला. ज्या प्रजेच्या नांवानें तो खटला चालला, ती हजारों मैल दूर होती. तिला त्यांत ना आवाज होता, ना मत. महाभियोग म्हणजे थोरामोठ्यांच्या सभागृहांतील वाग्युद्ध, ही आपली समजूत बहुधा तेव्हांपासूनची असावी. परंतु प्रजाच गांवोगांवीं रस्त्यावर येऊन आपल्या अध्यक्षावर महाभियोग चालवा म्हणूं लागली, तर काय होतें? याचें उत्तर दक्षिण कोरियाच्या अलीकडील इतिहासांत सांपडतें.

कोरियन लोकांना रस्ता नवा नाहीं. १९६० च्या मार्चमधील निवडणुकींत लबाडी झाली म्हणून लोक खवळले. मासानच्या बंदरांत एका बेपत्ता विद्यार्थ्याचें प्रेत सांपडलें, आणि वणवा देशभर पसरला. पोलिसांच्या गोळ्यांना शंभरावर लोक बळी पडले, आणि २६ एप्रिल रोजीं सिंगमन री यांनीं अध्यक्षपद सोडण्याचें जाहीर केलें. पण राज्यकर्ता गेला तरी त्याची जागा धरून ठेवील अशी बळकट संस्था देशांत नव्हती. मे १९६१ मध्यें सेनापति पार्क चुंग-ही यांनीं लष्कराच्या जोरावर सत्ता घेतली आणि १९७९ मध्यें त्यांचा वध होईपर्यंत ती सोडली नाहीं. पुढच्याच वर्षीं ग्वांगजू शहराचा उठाव सैन्यानें रक्तांत बुडविला. १९८७ च्या जूनमध्यें लोक पुन्हां रस्त्यावर आले; या वेळीं त्यांनीं केवळ माणूस बदला असें म्हटलें नाहीं, घटना बदला असें म्हटलें. त्याच वर्षीं नवी राज्यघटना झाली व १९८८ मध्यें घटना-न्यायालय स्थापन झालें. अध्यक्षावर महाभियोग आणावयाचा तर राष्ट्रीय सभेच्या दोनतृतीयांश सभासदांचें मत हवें, आणि अध्यक्षाला पदावरून दूर करावयाचें तर या न्यायालयाच्या नऊपैकीं निदान सहा न्यायाधीशांचें. म्हणजे ज्या न्यायासनापुढें पुढें अध्यक्ष उभे राहिले, तें रस्त्याचेंच अपत्य होय.

या यंत्राची पहिली परीक्षा उलट्या बाजूनें झाली, ही गोष्ट विसरतां कामा नये. १२ मार्च २००४ रोजीं राष्ट्रीय सभेनें अध्यक्ष रोह मू-ह्युन यांच्यावर १९३ विरुद्ध २ मतांनीं महाभियोग मंजूर केला. निवडणुकीच्या तोंडावर त्यांनीं एका पक्षाची उघड भलावण केली, हा मुख्य आरोप. तेव्हां लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले ते महाभियोगाच्या निषेधार्थ! एप्रिलच्या निवडणुकींत मतदारांनीं अध्यक्षांच्या पक्षाला बहुमत दिलें, आणि १४ मे रोजीं न्यायालयानें निकाल दिला कीं कायद्याचा भंग झाला खरा, पण पद हिरावून घेण्याइतका तो गंभीर नाहीं. हा दंडक पुढें फार कामाला आला.

आतां २०१६ कडे वळूं. अध्यक्षपदीं होत्या पार्क ग्युन-हे, त्याच सेनापति पार्क यांच्या कन्या. चोई सून-सिल या त्यांच्या मैत्रिणीला कोणतेंहि सरकारी पद नसतां राज्यकारभाराचे कागद तिच्याकडे जात आणि तिच्या संस्थांसाठीं बड्या कंपन्यांकडून पैसा गोळा होई, असें ऑक्टोबरमध्यें उघडकीस आलें. २९ तारखेच्या शनिवारीं सोल शहरांत पहिली मेणबत्ती-सभा भरली, आणि मग हिवाळाभर दर शनिवारीं देशांतील लहानमोठ्या शहरांतून माणसें जमूं लागलीं. आईबाप मुलांना खांद्यावर घेऊन येत. वारा सुटला कीं मेणबत्त्या विझतात, असा टोमणा सत्ताधारी पक्षाच्या एका सभासदानें मारला. पुढच्या शनिवारीं लोकांनीं न विझणारे विजेचे दिवे आणले. ३ डिसेंबरला देशभर २३ लाखांवर लोक जमले असें संयोजकांचें म्हणणें. पोलिसांचा आंकडा चार लाखांच्या वर. पोलीस एका क्षणीं हजर असलेलीं डोकीं मोजीत, संयोजक दिवसभरांत येऊन गेलेलीं. त्या दिवशीं न्यायालयाच्या परवानगीनें मोर्चा अध्यक्षांच्या निवासापासून अवघ्या शंभर मीटरांपर्यंत गेला, आणि तेथूनच परतला.

आमच्या मतें त्या साऱ्या इतिहासाचें मर्म या परतण्यांत आहे. ९ डिसेंबर रोजीं २३४ मतांनीं महाभियोग मंजूर झाला. मतदान गुप्त असलें तरी अध्यक्षांच्याच पक्षाच्या साठांहून अधिक सभासदांनीं त्यांची साथ सोडली, हें साध्या वजाबाकीनें कळत होतें. त्यानंतर लोकांनीं ९१ दिवस वाट पाहिली. १० मार्च २०१७ रोजीं आठ न्यायाधीशांनीं एकमतानें पार्क यांना पदच्युत केलें.

पण निकालपत्र वाचतां असें दिसतें कीं रस्त्यानें मागितलें तें सर्व न्यायालयानें दिलें नाहीं. १६ एप्रिल २०१४ रोजीं सेवोल नांवाची प्रवासी बोट बुडून ३०४ जीव गेले. त्यांत बहुतेक शाळेचीं मुलें होतीं. त्या दिवशीं अध्यक्षा काय करीत होत्या, हा मेणबत्त्या धरणाऱ्या आईबापांचा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न होता. न्यायालयानें तो दुर्घटनेचा भाग पदच्युतीचें कारण मानला नाहीं. खाजगी व्यक्तीच्या लाभासाठीं सत्तेचा दुरुपयोग, एवढ्याच पायावर निकाल उभा केला. ज्यांचीं मुलें बुडालीं त्यांच्या मनाला हें किती लागलें असेल! तरीहि निकालाचें बळ या संयमांतच होतें. दुसऱ्या बाजूलाहि प्रजाच होती. राष्ट्रध्वज घेऊन अध्यक्षांच्या बाजूनें हजारों वृद्ध माणसें जमत, आणि निकालाच्या दिवशीं न्यायालयाबाहेर उसळलेल्या गर्दींत त्यांच्यांतील कांहींचे प्राण गेले. त्यांचें दुःख खोटें होतें असें म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

इतिहासाला उपरोध आवडतो. पार्क प्रकरणाच्या तपासांत पुढाकार घेणारे सरकारी वकील युन सुक-योल २०२२ मध्यें स्वतः अध्यक्ष झाले, आणि ३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीं त्यांनींच लष्करी कायदा पुकारला. लोक सभागृहाकडे धांवले, कांहीं सभासद भिंती चढून आंत गेले, आणि कांहीं तासांतच १९० सभासदांनीं एकमतानें तो उठविण्याचा ठराव केला. ७ तारखेचा महाभियोगाचा ठराव सत्ताधारी पक्षाच्या बहिष्कारामुळें बारगळला. पुन्हां रस्ते भरले. या वेळीं मेणबत्तीच्या जोडीला तरुण मुलींच्या हातांत आवडत्या गायकांच्या मैफलींतील रंगीत दिवे होते. १४ डिसेंबरला २०४ मतांनीं महाभियोग मंजूर झाला, आणि १११ दिवसांनीं, ४ एप्रिल २०२५ रोजीं, न्यायालयानें पुन्हां एकमतानें पदच्युति जाहीर केली.

यावरून रस्ता नेहमीं शहाणा असतो, असा सिद्धांत आम्हांस काढावयाचा नाहीं. जमाव चुकतो, सभागृह चुकतें, आणि ज्याला आज न्यायाचा हात म्हणून गौरवावें तोच उद्यां आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहतो. १९६० मध्यें रस्त्यानें अध्यक्ष घालविला आणि ती रिकामी जागा बंदुकीनें भरून काढली. २०१७ मध्यें रस्त्यानें आपला संताप न्यायासनाच्या स्वाधीन केला, आणि दोन महिन्यांत त्या जागीं नवा अध्यक्ष लोकांच्या मतानें आला. या दोन वर्षांमधलें अंतर शौर्याचें नव्हे. शूर तर मासानचीं मुलेंहि होतीं. तें अंतर १९८७ च्या जूनमध्यें मागून घेतलेल्या एका संस्थेचें, आणि तिच्या दारांत थंडीवाऱ्यांत वाट पाहण्याच्या शिस्तीचें आहे. रागावणें कोणत्याहि प्रजेला येतें. शंभर मीटरांवरून परत फिरून पुढच्या शनिवारीं पुन्हां येणें शिकावें लागतें.