मूत्रपिंडविकार, मुलांमधील : ओळख

मूत्रपिंडे बिघडली तरी लहान मुलांना बहुधा दुखत नाही. बिघाड चेहऱ्यावर आणि लघवीत उमटतो, त्यामुळे या विकारांची पहिली ओळख दवाखान्याआधी घरातच पटायला हवी. दोन ते सहा वर्षे वयात विशेष आढळणाऱ्या नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांमधून (ग्लोमेरुलस) रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे निसटते, लघवीला फेस येतो, पाणी रक्तवाहिन्यांबाहेर साठते आणि सकाळी उठताच पापण्या सुजलेल्या दिसतात. मूल हिंडू-फिरू लागले की ही सूज पायांकडे उतरते व संध्याकाळी चेहरा जवळजवळ पूर्ववत भासतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीसारख्या फाउंड्र्यांच्या वसाहतीत पहिल्या शिफ्टला भल्या सकाळी निघणाऱ्या पालकाला संध्याकाळी परतल्यावर नेमका हा सूज उतरलेला चेहराच दिसतो, आणि सकाळची सूज धुळीच्या ॲलर्जीवर सहज ढकलली जाते. गालांची गोलाई तर बाळसे म्हणून कौतुकाचीच ठरते. त्यापेक्षा चड्डीचे इलॅस्टिक कमरेत रुतणे, मोजा काढल्यावर वळ राहणे, खाणे न वाढता आठवड्यात वजन वाढणे या खुणा अधिक भरवशाच्या होत.

जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे : काचनळीत सकाळची लघवी घेऊन तिचा वरचा भाग तापवला असता तो गढूळला, आणि सौम्य ॲसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकूनही निवळला नाही, तर प्रथिन जात आहे असे समजावे, कारण फॉस्फेटचा गढूळपणा आम्लात विरघळतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने बहुतेक मुलांची लघवी प्रथिनमुक्त होते, परंतु विकार पुष्कळदा उलटतो, म्हणून पालकांना घरी लघवी तपासून वहीत रोजची नोंद ठेवण्यास शिकवतात.

घसादुखीनंतर एक-दोन किंवा चिघळलेल्या खरजेनंतर तीन ते सहा आठवड्यांनी लघवी कोऱ्या चहासारखी झाल्यास गाळण्यांचा दाह संभवतो. तेथे रक्तदाब मोजणे सर्वांत निकडीचे. तान्ह्या बाळाचा कारण न सापडणारा ताप मूत्रमार्गाच्या संसर्गाचा असू शकतो, तर मुलग्याची धार बारीक असणे वा थेंबथेंब होणे हे मूत्रमार्गातील जन्मजात पडद्याचे लक्षण असू शकते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून) अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी होते, परंतु नेफ्रॉटिकची सूज दोन भेटींच्या मधल्या काळात येऊन वाढूही शकते. 2025 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून नागपूरला आणलेल्या, डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे बाधलेल्या मुलांत लघवी कमी होत जाणे ही ठळक खूण होती.