गडी बाद क्रम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दडपणाखाली खेळणारा मोठा फलंदाज कोण, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत कुठेही रंगतो आणि बहुधा सरासरीच्या आकड्यावर येऊन थांबतो. मला सरासरीचे वावडे नाही. पण तिच्या लेखी सगळ्या धावा सारख्याच. ३ बाद ४०० असताना काढलेल्या पन्नास आणि ५ बाद ७५ असताना काढलेल्या पन्नास, दोन्ही ती एकाच मापाने मोजते. म्हणून जुन्या सामन्याचा धावफलक हाती आला, की मी तळाची बारीक टाइपातली ओळ आधी वाचतो. तिचे नाव गडी बाद क्रम. फलंदाज किती धावा काढून परतला हे वर छापलेले असतेच. तो कशाच्या तोंडी उभा होता, हे खाली कळते.

१९७१ च्या फेब्रुवारीतली किंग्स्टनची कसोटी घ्या. तोवर वेस्ट इंडीजला आपण एकाही कसोटीत हरवलेले नव्हते. अजित वाडेकर नवे कर्णधार होते. बोट दुखावल्यामुळे सुनील गावसकर या सामन्यात नव्हते. दिलीप सरदेसाई होते, पण त्यांची दौऱ्यावरची निवडच जेमतेम झालेली. वाडेकरांनी आग्रह धरला म्हणून मडगावचा हा फलंदाज विमानात बसला. पहिला दिवस पावसात गेला. खेळ सुरू झाला आणि बघता बघता भारत ५ बाद ७५.

इथून सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. सहाव्या गड्यासाठी एकनाथ सोलकर यांच्याबरोबर १३७, आणि नवव्यासाठी प्रसन्नाबरोबर १२२! प्रसन्ना गोलंदाज म्हणून थोर, पण बॅट हातात घेतलेला प्रसन्ना पाहून प्रतिस्पर्ध्याची झोप उडत नसे. अशा जोडीदाराला सांभाळून नेणे हे माझ्या मते द्विशतकाहून अवघड काम. भारताच्या ३८७ धावा झाल्या आणि वेस्ट इंडीज २१७ मध्ये गारद झाले. एक दिवस वाया गेल्याने सामना चार दिवसांचा धरला गेला. फॉलोऑनसाठी दोनशेऐवजी दीडशेची आघाडी पुरेशी ठरली. आपल्याकडे १७० ची होती. सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीला उतरावे लागले. कसोटी अनिर्णित राहिली, पण दोन्ही संघांचे एकमेकांकडे पाहणे त्या दिवशी बदलले.

पुढच्याच पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत सरदेसाईंच्या ११२ धावा आणि भारताचा सात गडी राखून विजय. ब्रिजटाउनला वेस्ट इंडीजने ५ बाद ५०१ वर डाव सोडला आणि आपली अवस्था ६ बाद ७०. पुन्हा सरदेसाई, पुन्हा सोलकर. सातव्या गड्यासाठी १८६ धावांची भागी झाली, सरदेसाई दीडशेवर बाद झाले, फॉलोऑन टळला. मालिका आपण १-० ने जिंकली. गावसकरांच्या ७७४ धावांचा डंका वाजला, तो वाजायलाच हवा होता. सरदेसाईंच्या ६४२ धावा मात्र त्याच्या आवाजात थोड्या दबून गेल्या.

ही सवय त्यांची जुनीच. १९६५ मध्ये मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध भारत ८८ धावांत कोसळला होता. फॉलोऑननंतर सरदेसाई नाबाद २०० वर उभे राहिले. तरी कारकिर्दीची सरासरी ३९ च्या आसपास. सोलकर यांची तर २५ च्या घरात. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा लोकांच्या ध्यानात राहिला तो शॉर्टलेगच्या झेलांमुळे. किंग्स्टनच्या ६१ आणि ब्रिजटाउनच्या ६५ धावा आठवणारा क्वचित भेटतो.

अर्थात माझी ही ओळ सलामीच्या फलंदाजाशी अन्याय करते. तो उतरतो तेव्हा फलकावर शून्यच असते. त्याच्या बाबतीत ओळ उलटी वाचावी लागते: तो उभा असताना पलीकडे किती जण कोसळले? १९८७ ची बंगलोर कसोटी पाहा. चेंडू हातभर वळत होता, पाकिस्तानविरुद्ध २२१ हव्या होत्या. गावसकर पाच तासांहून अधिक काळ खेळले, ९६ वर आठवे बाद झाले तेव्हा फलकावर १८० होत्या. भारत १६ धावांनी हरला आणि तो त्यांचा कसोटीतला शेवटचा डाव ठरला. शतक नाही, विजय नाही. तरी त्यांच्या चौतीस शतकांतली बरीचशी मी या ९६ च्या खाली ठेवीन.

सामना जिंकून दिला तरच दडपण पेलले, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे ते इथेच. १९९९ च्या जानेवारीत चेन्नईला, पुन्हा पाकिस्तानविरुद्धच, २७१ चा पाठलाग करताना सचिन १३६ वर बाद झाला. वर्षानुवर्षे ऐकवले गेले की त्याने सामना संपवला नाही. ओळ काय सांगते? ५ बाद ८२. मग पाठ दुखत असताना त्याने नयन मोंगियाबरोबर १३६ धावा जोडल्या. सचिन सातवा बाद झाला २५४ वर, जिंकायला १७ हव्या असताना. उरलेले तीन गडी मिळून चार धावा करू शकले.