शेकडो नोड, एक स्क्रिप्ट

पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेने (स्थापना १९८८) १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर चिपांवर चालणारा परम ८००० हा समांतर संगणक तयार केला. पुढे जगभर अनेक संगणकांचे समूह रूढ झाले आणि ते सांभाळणाऱ्यांपुढे रोजचा, काहीसा रटाळ प्रश्न उभा राहिला: समूहातल्या शेकडो नोडांवर, म्हणजे संगणकांवर, एकच आज्ञा चालवायची कशी? दूरच्या यंत्रावर आज्ञा चालवणारे १९८३ च्या बर्कले युनिक्समधले आरएसएच काय किंवा १९९५ मध्ये आलेले एसएसएच काय, एका वेळी एकाच यंत्राशी बोलते. एकामागून एक नोड घेणारा लूप लावला तर एक बंद नोड सगळ्यांना खोळंबवून ठेवतो. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या पीडीएसएच या साधनाने ठरावीक मर्यादेत अनेक आज्ञा एकदम सोडल्या. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगातून आलेल्या क्लस्टरशेलमध्ये पायथन स्क्रिप्टच कॉलबॅक, म्हणजे ठरावीक घटना घडताच चालणारा कोड, नोंदवते. नोडाकडून ओळ आली, आज्ञा संपली किंवा मुदत उलटली की हा कॉलबॅक आपोआप चालतो. त्यातूनच पुढची आज्ञा सोडता येते किंवा उरलेले काम थांबवता येते.