ठिगळ आणि शुद्धिपत्र : ओपनबीएसडीच्या दुरुस्ती-याद्यांतील दोन संज्ञा

१

ग्रंथाच्या अखेरीस जोडलेले शुद्धिपत्र सामान्य वाचक सहसा उघडीत नाही. ते न वाचल्याने फार तर एखादा चुकीचा सन त्याच्या स्मरणात राहतो. संगणकाच्या कार्यप्रणालीचे मात्र तसे नाही. यंत्राची स्मृती, त्यावरील लेखसंचय, जाळ्यातून येणारे-जाणारे संदेश या सर्वांची व्यवस्था जी मूळ आज्ञासंहिता पाहते तिला आपण कार्यप्रणाली म्हणतो. तिचे शुद्धिपत्र दुर्लक्षिले, तर यंत्राचा ताबाच परक्याच्या हाती जाण्याचा संभव असतो. म्हणून या क्षेत्रात शुद्धिपत्र हा ग्रंथाचा गौण भाग राहिलेला नाही.

प्रस्तुत लेखात ओपनबीएसडी या खुल्या संहितेच्या कार्यप्रणालीच्या दुरुस्ती-याद्यांचा विचार करावयाचा आहे. या याद्यांत दुरुस्त्यांवर मुख्यतः दोन शीर्षके आढळतात : एक ‘सुरक्षा-दुरुस्ती’ व दुसरे ‘विश्वसनीयता-दुरुस्ती’. परक्याला शिरकाव करू देणारी चूक पहिल्या वर्गात जाते. यंत्र मध्येच बंद पडावे किंवा चुकीचे वागावे अशी चूक दुसऱ्या वर्गात जाते. वर्गीकरण वरवर पाहता निर्दोष दिसते. तथापि ही दोन नावे खुद्द चुकीचे वर्णन करतात, की चुकीविषयी त्या दिवशी असलेल्या आपल्या ज्ञानाचे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि त्याचे उत्तर इतिहासात मिळते.

२

प्रथम शब्दांकडे वळू. दुरुस्तीला संगणकाच्या परिभाषेत ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. आज्ञा जेव्हा कागदी फितीवर किंवा कार्डांवर भोके पाडून लिहिल्या जात, तेव्हा चुकीच्या जागेवर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवून ती जागा बुजवीत व नवी भोके पाडीत. फीत गेली, पण शब्द राहिला.

आजच्या अर्थाने ठिगळ शक्य झाले ते दोन साधनांमुळे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकइलरॉय यांनी दोन पाठांची तुलना करून त्यांतील भेद ओळीओळीने मांडणारी ‘डिफ’ ही आज्ञावली रचली. तिच्यामागील गणिती पद्धतीवर त्यांचा व जेम्स हंट यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचीच आज्ञावली प्रसृत केली. भेदांची यादी हाती असली की ती यादी मूळ पाठास लावून सुधारलेला पाठ सिद्ध करणे, हे तिचे कार्य. वॉल यांनी भाषाविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. या आज्ञावलीचा विशेष असा की, ती केवळ ओळींच्या क्रमांकावर विसंबत नाही. पाठात मध्यंतरी चार ओळी वाढल्या असल्या, तरी बदलाच्या मागील-पुढील ओळी पाहून, म्हणजेच संदर्भावरून, ती योग्य स्थान शोधते. पाठचिकित्सा करणारा संशोधक वेगळे काही करीत नाही.

या साधनांमुळे संपूर्ण संहिता पुन्हा न पाठविता केवळ भेद पाठविणे सुलभ झाले. दूरदूरच्या व्यक्तींना एकाच संहितेवर काम करता आले, त्यामागे ही सोय आहे.

३

ओपनबीएसडीचा उगम एका मतभेदात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत वाढलेल्या युनिक्स परंपरेतून १९९३ मध्ये नेटबीएसडी हा प्रकल्प निघाला. त्याच्या संस्थापकांपैकी एक थिओ डी राट यांना डिसेंबर १९९४ मध्ये त्याच्या मध्यवर्ती मंडळातून बाहेर पडावे लागले. कॅनडातील कॅलगरी येथे राहणाऱ्या डी राट यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये ओपनबीएसडी सुरू केले. आपणांस संहितेत प्रवेश नाकारला गेला, या अनुभवाचा एक परिणाम असा झाला की, नव्या प्रकल्पाचे संहिता-भांडार, त्यातील प्रत्येक बदलाच्या नोंदीसह, कोणालाही वाचता येईल असे आरंभापासूनच खुले ठेवण्यात आले. इतर खुल्या प्रकल्पांत त्या काळी तयार आवृत्ती मिळे. पण ती कशी घडत गेली हे बाहेरच्या वाचकास सहसा दिसत नसे.

१९९६ च्या उन्हाळ्यापासून या मंडळाने सर्व संहिता ओळीओळीने तपासण्यास प्रारंभ केला. या कामी साधारणतः सहा ते बारा माणसे असत. त्यांच्या पद्धतीत दोन तत्त्वे होती. पहिले असे : एक चूक सापडली की ती सुधारून थांबावयाचे नाही, त्या चुकीची जात ओळखून संपूर्ण संहितेत तिची इतर उदाहरणे शोधावयाची. लेखनिक एका ठिकाणी जी चूक करतो ती तो अन्यत्रही करतो, हे हस्तलिखितांच्या अभ्यासकास सांगावयास नको. सी भाषेत अक्षरमालिकेची नक्कल करताना मर्यादेबाहेर लिहिले जाण्याची चूक अशीच वारंवार होई. तिचा बंदोबस्त करण्याकरिता टॉड मिलर व डी राट यांनी ‘स्ट्रल-कॉपी’ व ‘स्ट्रल-कॅट’ ही दोन नवी कार्ये रचली. १९९८ मध्ये ती ओपनबीएसडीच्या आवृत्तीत आली. इतरांनी ती स्वीकारण्यास बराच काळ घेतला. पॉसिक्स या प्रमाणग्रंथात त्यांचा समावेश २०२४ मध्ये झाला.

दुसरे तत्त्व आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. चुकीचा गैरफायदा घेता येतो की नाही, हे सिद्ध होण्याची वाट पाहावयाची नाही; चूक ती चूक, ती सुधारावयाचीच, असे या मंडळाचे धोरण होते. शोधक सहा महिने डोके लढवून जे सिद्ध करील ते सिद्ध करण्यात आपला वेळ घालविण्यापेक्षा पाच मिनिटांत ओळ सुधारणे बरे, असा हा व्यवहारी विचार आहे.

४

या धोरणाचा कागदोपत्री आविष्कार म्हणजे दुरुस्ती-यादी. ओपनबीएसडीची नवी आवृत्ती साधारणतः दर सहा महिन्यांनी निघते व शेवटच्या दोन आवृत्त्यांसाठी दुरुस्त्या पुरविल्या जातात. प्रत्येक आवृत्तीची यादी स्वतंत्र असते. तिला या मंडळाने दिलेले नाव मुद्रणव्यवसायातील आहे : ‘एराटा’, म्हणजे शुद्धिपत्र. प्रत्येक नोंदीस अनुक्रमांक, शीर्षक, दिनांक, कोणत्या यंत्रप्रकारांस ती लागू आहे याचा निर्देश व चुकीचे एक-दोन वाक्यांत वर्णन असते. दुरुस्तीचा पाठ तेथूनच मिळतो व ती कशी लावावी याच्या सूचना त्याच्या शिरोभागी असतात.

ठिगळ आणि शुद्धिपत्र या शब्दांत जो भेद आहे तो केवळ रूपकाचा नाही. ठिगळ दोष झाकते. शुद्धिपत्र दोष सांगते. शुद्धिपत्र छापणारा प्रकाशक आपली चूक तारीखवार कबूल करतो आणि वाचकास मूळ व सुधारित पाठ ताडून पाहण्याची मुभा देतो. २०१७ पर्यंत ओपनबीएसडीच्या वापरकर्त्यास बहुधा दुरुस्तीचा पाठ उतरवून, संहितेस लावून, ती पुन्हा यंत्रभाषेत रूपांतरित करावी लागे. त्या ओघात तो पाठ त्याच्या नजरेखालून जाई. त्या वर्षी एप्रिलमध्ये ६.१ ही आवृत्ती निघाली व ‘सिसपॅच’ या आज्ञेने तयार दुरुस्ती एका ओळीत बसविण्याची सोय झाली. सोय मोठीच, परंतु तेव्हापासून बहुतेकांच्या वाट्यास पाठ न येता केवळ शीर्षक येते. साहजिकच शीर्षकाची जबाबदारी वाढली. एखाद्या कार्यालयातील यंत्रांचा व्यवस्थापक ‘सुरक्षा’ हा शब्द पाहून त्याच रात्री काम हाती घेतो. ‘विश्वसनीयता’ हा शब्द पाहून तो पुढच्या सुट्टीची वाट पाहतो.

५

आता त्या घटनेकडे येऊ, जिने या दोन शब्दांतील सीमा उघडी पाडली.

२००७ च्या फेब्रुवारीत कोअर सिक्युरिटी या संस्थेच्या संशोधकांनी ओपनबीएसडीच्या गाभ्यातील एक दोष मंडळास कळविला. जाळ्यातून येणारा संदेश गाभा लहान लहान स्मृतिखंडांच्या साखळीत ठेवतो. आयपीच्या सहाव्या आवृत्तीचे विशिष्ट तऱ्हेने तुकडे केलेले संदेश आले, म्हणजे या खंडांच्या हाताळणीत चूक होऊन स्मृतीतील भलत्याच जागी लेखन होई. मंडळाने काही दिवसांतच संहिता सुधारली. पण अशा संदेशाने यंत्र बंद पडेल, याहून अधिक काही होईल असे त्यांस वाटले नाही. आणि यंत्र बंद पडणे ही त्यांच्या लेखी विश्वसनीयतेची बाब होती. त्यामुळे दुरुस्ती प्रसिद्ध झाली ती ‘विश्वसनीयता’ या शीर्षकाखाली.

संशोधकांना हे मान्य नव्हते. स्मृतीत भलत्या जागी लेखन होते, तर काय लिहावयाचे हे पाठविणाऱ्यास ठरविता येईल, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला : दुरून संदेश पाठवून गाभ्याकडून आपल्या आज्ञा पाळवून घेता येतात, हे त्यांनी दाखविले. त्यानंतर मंडळाने शीर्षक बदलून ‘सुरक्षा’ केले. १३ मार्च २००७ रोजी संशोधकांचे निवेदन प्रसिद्ध झाले. ओपनबीएसडीच्या मुखपृष्ठावर मूळ स्थापनेत दूरून शिरता येईल अशी एकच फट आजवर सापडल्याचे अभिमानाने लिहिलेले असे. ती पहिली फट २००२ च्या जूनमधील. आता तेथे एकाच्या जागी दोन हा आकडा आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दुरुस्तीची ओळ बदलली नाही; चूकही बदलली नाही. बदलले ते फक्त नाव, आणि ते बदलले आपल्याला नवे ज्ञान झाले म्हणून. म्हणजे ‘विश्वसनीयता’ या शब्दाचा त्या नोंदीतील खरा अर्थ ‘याहून वाईट काही होते असे अद्याप कोणी दाखविलेले नाही’ एवढाच होता. ज्या मंडळाने गैरफायद्याच्या सिद्धतेची वाट न पाहण्याचे तत्त्व स्वीकारले, त्यानेच शीर्षक देताना मात्र ती वाट पाहिली. दुरुस्ती करताना पाळलेला नियम नाव ठेवताना सुटला, असा हा अंतर्विरोध आहे.

इतिहासलेखनाच्या दृष्टीनेही ही घटना उद्बोधक आहे. त्या आवृत्तीच्या यादीत आज ‘सुरक्षा-दुरुस्ती’ हेच शीर्षक दिसते. केवळ यादीवर विसंबणाऱ्या संशोधकास आधीच्या नावाचा सुगावा लागणार नाही. त्याकरिता शोध लावणाऱ्यांनी ठेवलेला दिनांकवार वृत्तान्त ताडून पाहावा लागतो. शुद्धिपत्राचेही शुद्धिपत्र असते.

६

ही सीमा उलट बाजूनेही ओलांडली जाते. डेबियन या दुसऱ्या खुल्या कार्यप्रणालीत २००६ च्या मे महिन्यात ओपनएसएसएल या गुप्तलेखन-संचाच्या संहितेतील दोन ओळी वगळण्यात आल्या. स्मृतीचा वापर तपासणाऱ्या एका साधनाने त्या ओळींविषयी इशारा दिला होता. तो दूर करणे ही शुद्ध नीटनेटकेपणाची दुरुस्ती वाटली. परंतु त्यांतील एक ओळ यादृच्छिक अंकांच्या साठ्यात बाहेरची अनिश्चितता मिसळण्याचे काम करीत होती. ती गेल्यावर अनिश्चितता उरली ती मुख्यतः प्रक्रियेच्या क्रमांकाची, आणि त्या क्रमांकाची मूल्ये जेमतेम ३२,७६८. तेव्हा त्या यंत्रांवर निर्माण झालेल्या गुप्तकिल्ल्या ओळीने मांडून पाहता येतील इतक्या थोड्या झाल्या. १३ मे २००८ रोजी हे जाहीर होईपर्यंत दोन वर्षे कोणाच्याही ध्यानात आले नाही. कारण कार्यक्रम उत्तम चालत होते. विश्वसनीयतेत उणे काहीच नव्हते.

येथे संहितेचे कर्ते एक आणि दुरुस्ती करणारे दुसरे होते. ओपनबीएसडीत गाभा व त्याभोवतीची मूळ साधने एकाच भांडारात, एकाच मंडळाच्या देखरेखीखाली असतात. त्यामुळे हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. विचित्र दिसणारा पाठ अशुद्ध असतोच असे नाही, हा पाठचिकित्सेचा जुना नियम येथेही लागू पडतो.

७

शेवटी खुलेपणाच्या किमतीचा उल्लेख केला पाहिजे. शुद्धिपत्र मित्रांप्रमाणे शत्रूही वाचतो. दुरुस्तीचा पाठ म्हणजे अजून न सुधारलेल्या यंत्रांतील फटीचा नकाशाच होय. २०१७ मध्ये बिनतारी जाळ्यांच्या डब्ल्यूपीए-२ या संकेतपद्धतीतील दोष मॅथी व्हॅनहूफ यांना सापडला. सर्व उत्पादकांनी १६ ऑक्टोबरपर्यंत मौन पाळावे असे ठरले होते. ओपनबीएसडीने ३० ऑगस्ट रोजीच दुरुस्ती प्रसिद्ध केली. तिला शोधकाची संमती होती. पण पुढे त्यांनी त्याविषयी पश्चात्ताप व्यक्त केला व यापुढे या मंडळास उशिरा कळवू असे म्हटले. आपल्या वापरकर्त्यांस सात आठवडे उघडे ठेवावे की इतरांच्या वापरकर्त्यांस धोक्याची शक्यता पत्करावी, या प्रश्नास निर्विवाद उत्तर नाही. दुरुस्ती खरोखर मंडळाचीच आहे हे ओळखण्याची सोय मात्र २०१४ पासून झाली. ५.५ या आवृत्तीपासून दुरुस्त्यांवर ‘सिग्निफाय’ या साधनाने केलेली अंकीय स्वाक्षरी असते, आणि प्रत्येक आवृत्तीसोबत पुढील आवृत्तीची पडताळणी-किल्लीही दिली जाते.

तात्पर्य, ‘सुरक्षा’ आणि ‘विश्वसनीयता’ हे चुकींचे दोन वर्ग नसून आपल्या ज्ञानाच्या दोन अवस्था आहेत. वर्गनाम अनावश्यक आहे असे यावरून म्हणता येणार नाही, कारण व्यवस्थापकास कामाचा क्रम लावावाच लागतो. तथापि ते नाव त्या दिवसापुरते आहे, हे नाव देणाऱ्याने व वाचणाऱ्याने दोघांनीही ध्यानात ठेवले पाहिजे. शब्दार्थ स्थिर मानून व्यवहार करणे किती महागात पडते, हे भाषेच्या अभ्यासकांना ठाऊक असते. २००७ च्या मार्चमध्ये ज्यांनी ‘विश्वसनीयता’ हा शब्द वाचून ती दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलली असेल, त्यांची यंत्रे तेवढे दिवस उघडी राहिली.