चालत्या यंत्राची नक्कल

पेढीचा व्यवहार चालू असताना एखादा कारकून तिच्या वह्यांची नक्कल करावयास बसला आहे, अशी कल्पना करावी. सकाळी त्याने गोविंदशेटांचे खाते उतरवले. शिल्लक ५०० रुपये. दुपारी तेच ५०० रुपये गोपाळरावांच्या खात्यात वळते झाले. सायंकाळी कारकुनाने गोपाळरावांचे खाते उतरवले. तेथेही ५०० रुपये जमा. नकलेतील एकही अक्षर खोटे नाही, तरी नक्कल खोटी आहे. कारण ५०० चे १,००० झाले. तशी स्थिती पेढीत कोणत्याही क्षणी नव्हती.

संगणकाच्या क्षेत्रात हाच पेच युनिक्स या कार्यप्रणालीपुढे उभा राहिला. १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी तिची उभारणी सुरू केली. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, अशी तिची घडण झाली. आणि एकजण फाइल लिहीत असता दुसऱ्याने ती वाचू नये, असा सरसकट निर्बंध तिने घातला नाही. या मोकळेपणात तिचा साधेपणा होता आणि नकलेचा धोकाही होता.

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीत ‘डंप’ आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘टार’ हे नकलेचे प्रोग्रॅम होते. टार प्रत्येक फाइलीची लांबी आधी नोंदवी, मग मजकूर टेपेवर उतरवी. तेवढ्यात फाइल वाढली तर तिचे शेपूट नकलेबाहेर राही. आखडली तर उरलेली जागा पोकळ भरावी लागे. डंप थेट डिस्कच वाची. आधी याद्या, मग मजकूर. या दोहोंच्या मध्ये एक फाइल पुसली जाऊन तिचा अंतर्गत क्रमांक दुसरीला मिळाला, तर जुन्या नावाखाली परका मजकूर नोंदला जाई.

यावर जुना उपाय सरळ होता. रात्री सर्वांना कामावरून उठवावे, यंत्र एकट्या व्यवस्थापकाच्या ताब्यात आणावे आणि मग टेप लावावी. पण पुढे यंत्रांना रात्रच उरली नाही. कामे अहोरात्र चालू लागली, डिस्क मोठ्या झाल्या, आणि नकलेला लागणारा वेळ सवडीत मावेना. १९९१ साली एलिझाबेथ झ्विकी यांनी प्रचलित प्रोग्रॅमांची कठोर परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांवर लोक निर्धास्त विसंबून होते त्यांतील उणिवा उघड झाल्या. खरी भीती हीच होती: सदोष नक्कल निर्दोष नकलेसारखीच दिसते, आणि तिचा दोष कळतो तो मूळ डिस्क निकामी झाल्यावर.

हा पेच नक्कल अधिक वेगाने केल्याने सुटला नाही. तो सुटला जुने पान न खोडल्याने. बेल प्रयोगशाळेतच पुढे ‘प्लॅन ९’ ही प्रणाली झाली. तिच्या फाइली अखेर एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकाशीय तबकड्यांवर जात. रोज पहाटे पाच वाजता लेखन क्षणभर थांबे, त्या घटकेची स्थिती गोठवली जाई आणि त्यानंतरचे बदल नव्या जागी लिहिले जात. १९९४ साली डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ व मायकेल माल्कम यांनी ‘वाफल’ या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत मुळाशी असलेल्या एका नोंदीची प्रत काढली की साऱ्या फाइलींचे त्या क्षणाचे चित्र हाती येई. कारण बदललेला मजकूर जुन्यावर कधीच लिहिला जात नसे. मग ते स्थिर चित्र सावकाश उतरवून घ्यावे.

तथापि जे अद्याप स्मृतीतच आहे, डिस्कवर आलेले नाही, ते या चित्रात नसते. म्हणून विदागारांनी आणखी एक वाट धरली. २००५ च्या ‘पोस्टग्रेस’ ८.० आवृत्तीपासून चालू फाइलींची विस्कळित नक्कलही चालते. मात्र त्या वेळातील बदलांची रोजकीर्द अखंड जपावी लागते. ती नकलेवर क्रमाने पुन्हा चढवली की हिशेब जुळतो.

पेढीवरच्या जुन्या मुनिमांना हे तत्त्व नवे नव्हते: आकडा खोडू नये, रोजकीर्द चुकवू नये. आणि नक्कल झाली एवढ्यावर समाधान न मानता, संकट येण्यापूर्वीच ती परत उतरवून ताळा पाहावा. ताळा न पाहिलेली नक्कल हा केवळ विश्वास आहे, पुरावा नव्हे.