आधी गिऱ्हाईक, मग दुकान

नव्या वसाहतीतला पहिला व्यापारी म्हटले की अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या गवताळ मैदानातला दुकानदार डोळ्यांपुढे येतो. वस्तीत दहावीस घरे, रेल्वे येणार असल्याची नुसती बोलवा, आणि हा गडी पीठ, खिळे, रॉकेल, कापड एकाच छपराखाली मांडून बसलेला. गिऱ्हाइकाकडे रोकड नसते, म्हणून गहू विकला गेला की पैसे, या बोलीवर उधारी चालते. रेल्वे दुसरीकडून गेली तर गाव ओस पडते आणि उधारी बुडते. बंगळूरच्या छावणीतल्या व्यापाऱ्याला हे चित्र जसेच्या तसे लावता येत नाही, कारण इथे गिऱ्हाईक दुकानाच्या आधी येऊन बसले होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी फौज तिथेच ठेवली, पण तापाने माणसे मरू लागली. म्हणून १८०९ मध्ये हलसूर गावालगतच्या उंच, कोरड्या माळावर छावणी आखण्यात आली. पगार घेणारे हजारो लोक एकाच जागी आले. त्यांना धान्य, मटण, दारू, जोडे आणि घोड्यांना चारा रोज लागणार होता. गिऱ्हाईक मिळेल का, ही इथल्या व्यापाऱ्याची चिंता नव्हती. ते किती दिवस टिकेल, ही होती.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. काही मैलांवर जुनी पेठ भरलेली असताना नवा व्यापारी लागलाच कशाला? केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसवलेली ही पेठ पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आली. तरगुपेटेत धान्य, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या अशी तिची रचना होती, आणि मराठी बोलणारे शिंपी-रंगारीही तिथे नांदत होते. माल कमी नव्हता. पण पेठेचा व्यापार जातीच्या, पेढीच्या आणि देवळाच्या जुन्या नात्यांनी बांधलेला होता, तर छावणीचा बाजार लष्करी अधिकाऱ्याच्या हुकमाखाली चाले. शिवाय फौज मद्रासची असल्याने तिच्या मागोमाग तमिळ पुरवठादार, कारागीर आणि नोकरचाकर आले. त्यांना साहेबाची शिस्त आणि शिपायाची भाषा दोन्ही ठाऊक होत्या. पुण्यातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. रविवार पेठ आणि कॅम्पातली मेन स्ट्रीट एकाच शहरात असूनही दोन दुनिया होत्या. बंगळुरात तर ही फारकत राज्यकारभारापर्यंत गेली. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार राजघराण्याला परत मिळाले, पण छावणी ब्रिटिश रेसिडेंटच्या ताब्यात राहिली आणि दोन्ही वस्त्यांची एक महापालिका व्हायला १९४९ उजाडावे लागले.

एकाच बड्या गिऱ्हाइकावर पोट असणे हे वरवर सुख आणि आतून टांगती तलवार असते. पलटण बदलली की तिच्याबरोबर उधारीही निघून जाई. बंगळूर क्लबाच्या नोंदवहीत १८९९ साली लेफ्टनंट विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर वसूल न होणारे १३ रुपये दाखवलेले आहेत. ही गोष्ट तिथे आजही कौतुकाने सांगतात. क्लबाला त्यात गंमत वाटू शकते, कापडवाल्याला वाटली नसती. आणि फौज कायमची निघून गेली तर काय होते, हे आपल्याकडे दापोलीत दिसले. तिथली छावणी उठली आणि ‘कॅम्प दापोली’ हे नाव तेवढे राहिले. तालुक्याचे गाव टिकले, पण त्याचे शहर झाले नाही.

मग बंगळूरची छावणी शहर कशी झाली? श्रेय सरकारला आणि रेल्वेला द्यावे, असे कुणी म्हणेल, आणि त्यात बरेच तथ्य आहे. १८३१ मध्ये म्हैसूरचा कारभार कंपनीने हाती घेतला आणि कमिशनर मार्क कबन यांच्या काळात बंगळूर हेच कारभाराचे ठाणे होऊन बसले. १८६४ मध्ये छावणीपर्यंत आगगाडी आली. १९०१ च्या शिरगणतीत पेठेकडच्या शहरात ६९,४४७ माणसे होती, तर छावणीच्या भागात ८९,५९९. शंभर वर्षांच्या आत नव्या वस्तीने जुनीला मागे टाकले. पण सरकार कचेरी बांधायचे ठरवते, तेव्हा ती बांधणारा कुणीतरी आधीच गावात उभा असावा लागतो. आरकाट नारायणस्वामी मुदलियार हा तसा माणूस. अठरा खाती एका छताखाली आणणारी लाल रंगाची अठरा कचेरी १८६४ ते १८६८ या काळात बांधली गेली, ती त्यांच्या ठेक्यात. छावणीच्या व्यापारात मुरलेला माणूस पलटणीच्या खर्चावरून सरकारच्या बांधकामाकडे वळला, म्हणजे त्याने गिऱ्हाईक बदलले. माझ्या मते खरी धडाडी ती हीच. ओसाड माळावर पाल ठोकण्यापेक्षा, चालता धंदा हातात असताना तो कधी आटेल हे ओळखणे अवघड.

शेवटचा आक्षेप जरा बोचरा आहे. हे लोक साहेबाच्या मर्जीवर मोठे झाले, रायबहादूर आणि ‘सर’ म्हणवून घेतले. त्यांना ठेकेदार म्हणा, अग्रणी कशाला? मर्जी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मर्जीवर जगणारा माणूस पैसा कुठे गुंतवतो, ते पाहावे. मुदलियार यांनी १८७३ मध्ये छावणीत गरिबांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. पुढच्या पिढीतले कच्छी मेमन व्यापारी हाजी सर इस्माईल सेठ यांनी, आज शिवाजीनगर म्हणतात त्या भागात, पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी गोशा इस्पितळाला देणगी दिली. त्याला आजही त्यांचेच नाव आहे. फौजेला यातले काहीच विकत घ्यायचे नव्हते. पडद्यातल्या बाईचे बाळंतपण कुठल्याही पलटणीच्या मागणीपत्रात बसत नाही. पलटणीमागे गाशा गुंडाळून जायचे असते, तर कुणी असली इमारत उभी केली नसती.