माथेरान : माणसांच्या खांद्यावरचे गाव



नाताळच्या सुट्टीत देशात जाऊन आलेल्या कुटुंबांच्या फोटोंत माथेरान हमखास असते. छोटी आगगाडी, घोडे, माकडे, चिक्कीचे खोके. तिथे गेल्यावर आपली इथे वाढलेली मुले पहिला प्रश्न विचारतात, ‘इथे मोटारी का नाहीत?’ हवा स्वच्छ राहावी म्हणून, असे आपण सांगतो. हे उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. मोटार नाही म्हणून ओझे नाहीसे होत नाही. ते कुणाच्या तरी खांद्यावर जाते. उरलेले अर्धे उत्तर मुलांना देता यावे, म्हणून या अंकात माथेरानची हकीकत थोडक्यात देत आहोत.

आधी भूगोल. माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा पडलेला हा डोंगर सुमारे ८०० मीटर, म्हणजे २,६०० फूट उंच आहे. माथ्यावरच्या गावाचे क्षेत्रफळ जेमतेम ७ चौरस किलोमीटर. खाली काळा कातळ, वर तांबडा जांभा. हजारो पावसाळ्यांनी दगडातले विरघळणारे क्षार धुऊन नेले आणि लोखंड व अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली, म्हणून ही माती लाल. कपड्यांना लागलेली ती धूळ सहजासहजी निघत नाही याचेही कारण तेच. पाऊस धो धो पडतो, पण माथ्यावर टिकत नाही. शार्लोट तलाव पुरत नाही म्हणून उल्हास नदीचे पाणी पंपाने डोंगरावर चढवावे लागते.

माथेरानचा ‘शोध’ १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला, असे पुस्तकांत वाचायला मिळते. डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या ठाकूर, कातकरी आणि धनगर मंडळींना तो आधीपासून ठाऊक होता, हे वेगळे सांगायला नको. मॅलेटसाहेब चौक गावाकडून वर चढले, त्यांना हवा आवडली आणि त्यांनी घर बांधले. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी रस्ता करवून घेतला. साहेबांमागून मुंबईचे धनिक पारशी, बोहरी आणि हिंदू आले. नेरळपर्यंत आगगाडी होती. पुढचा डोंगर घोड्यावरून, पालखीतून किंवा पायी चढायचा. म्हणजे बंगले ज्यांचे, त्यांचे सामान वाहणारे दुसरेच. गाव सुरुवातीपासून या दोन भागांत विभागलेले होते.

हा चढ सोपा केला तो सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली नेरळहून दोन फुटी रुळांचे काम सुरू केले आणि १९०७ साली गाडी माथेरानला पोचली. लांबी सुमारे २१ किलोमीटर, खर्च १६ लाख रुपये, आणि हा सारा पैसा घरचा. २६ जुलै २००५ च्या महापुरात हा मार्ग उखडला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात परत वाहून गेला, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाला. डोंगरातली कोणतीही सोय एकदा करून भागत नाही, हे यावरून दिसते.

रेल्वेचे काम चालू असतानाच, १९०५ साली, माथेरानला नगरपालिका मिळाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४,३९३ होती. एवढ्या वस्तीला एरवी ग्रामपंचायत असते, पण माथेरान ‘गिरिस्थान नगरपरिषद’ आहे. कारण उघड आहे. मतदार चार-पाच हजारांच्या आतले, पण पाणी, दिवाबत्ती आणि कचरा बघायचा तो दरवर्षी येणाऱ्या लाखो पाहुण्यांचा. म्हणून प्रवेशद्वारी पाहुण्यांकडून कर घेतात. आपण कुरकुरत देतो ती पावती याच कामासाठी असते.

नगरपालिकेने एक गोष्ट मात्र केली. खांदे देणाऱ्यांनाही तिने बसायला खुर्ची दिली. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. ते पुण्यात शिकले, वकील झाले आणि परत डोंगरावर आले. शेतकऱ्यांचे खटले चालवले, खेड्यांत शाळा काढल्या, सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठी उभारली. तिशीच्या आतच ते माथेरानचे उपनगराध्यक्ष झाले. ज्या गावात साहेबांची आणि शेठजींची दाढी करणे हा आपल्या जातीचा धंदा, त्याच गावाच्या कारभारात त्यांनी जागा मिळवली. १९४२ च्या लढ्यात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

आता आपल्या इथले एक उदाहरण घेऊ. मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटावरही मोटारी नाहीत. तिथे ही बंदी १८९८ सालची आहे आणि ती हवेसाठी नव्हती. इंजिनाच्या आवाजाने घोडे बुजतात, अशी घोडागाडीवाल्यांची तक्रार होती आणि गावाने ती ऐकली. २०२० च्या जनगणनेत बेटावर ५८३ माणसे होती. उन्हाळ्यात घोडेच पाचशेच्या वर जातात. तिथेही गाव पाहुण्यांवर जगते. पण तिथली गाडी घोडा ओढतो. माथेरानात घोड्यांच्या जोडीने माणसेही गाडी ओढत आली.

दस्तुरी नाक्याला मोटारी थांबतात. पुढे बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर दूर. तो चढ-उतार वृद्धांना आणि आजाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या ९४ परवानाधारक हातरिक्षा होत्या. एका रिक्षेला दोघे-तिघे लागायचे, एक पुढे ओढणारा आणि बाकीचे मागून रेटणारे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ जाहीर केले. वृक्ष वाचले, बांधकामाला आळा बसला, ते योग्यच झाले. पण वाहनबंदी पक्की झाली आणि तिच्याबरोबर हातरिक्षाही.

गावातल्याच एका निवृत्त शिक्षकाने विजेच्या रिक्षांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली. घोडेवाल्यांचा विरोध झाला. आपला धंदा बुडेल आणि रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतील, ही त्यांची भीती. ती खोटी म्हणता येणार नाही. साडेचारशेच्या आसपास घोड्यांवर तितकीच घरे चालतात. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणे ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, ती सहा महिन्यांत बंद करावी, ई-रिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्याव्यात, आणि पैसा नाही ही सबब सांगू नये. ब्लॉकही दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच राहावेत, आतल्या वाटा मातीच्याच असाव्यात. रिक्षा ओढणाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबच्या सायकलरिक्षांच्या एका खटल्यात १९८० सालीच आला होता. मधे पंचेचाळीस वर्षे गेली.

एवढा उशीर का झाला? आम्हांला वाटते, माथेरान ‘आहे तसेच’ राहावे असे वाटणारे बहुतेक लोक तिथे राहत नाहीत. त्यांत मुंबईकर आहेत आणि आपणही आहोत. परदेशी राहणाऱ्याला मायदेशातले गाव जुन्या फोटोसारखे हवे असते. पण तिथे बाळंतिणीला रात्री खाली न्यायचे असते, गॅसची टाकी वर आणायची असते. जंगल जपायचे की माणूस, असा हा वाद नाही. मातीची वाट आणि विजेची रिक्षा एकत्र नांदू शकतात, हेच न्यायालयाने दाखवले. मात्र ती रिक्षा पूर्वीच्या ओढणाऱ्याच्याच हाती राहते की भांडवलवाल्याच्या, यावर पुढचे सारे ठरेल. त्यावर लक्ष ठेवणे हे त्या चिमुकल्या नगरपरिषदेचे काम आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गेलात तर प्रवेशकराची पावती मुलांच्या हाती द्या आणि गावाचा कारभार कशावर चालतो ते सांगा. घोड्याचे, रिक्षाचे भाडे घासाघीस न करता द्या. पॉइंट बघून झाले की भाई कोतवालांचे नावही मुलांच्या कानावर घाला. ‘मोटारी का नाहीत’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तेव्हाच होईल.